नोकरी करणारा कॉलेजचा मुलगा आईवडिलांच्या रिटर्नवर ‘डिपेंडंट’ दाखवता येतो का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण न्यू जर्सीत राहता. मुलगा २० वर्षांचा असून राज्यातल्याच विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला पूर्णवेळ शिकतो आणि वसतिगृहात राहतो. २०२५ मध्ये उन्हाळ्यातील इंटर्नशिप आणि कॅम्पसवरचे काम मिळून त्याने २२,००० डॉलर कमावले. आपले आणि आपल्या यजमानांचे मिळून उत्पन्न २ लाख १० हजार डॉलरच्या घरात आहे. मुलाची कमाई पाच हजारांच्या वर गेली की तो डिपेंडंट (म्हणजे जिच्यामुळे करदात्याला करसवलत मिळते अशी त्याच्यावर अवलंबून असलेली व्यक्ती) राहत नाही, असे एका स्नेह्यांनी आपल्याला सांगितले. मुलाने तर कोणालाही न विचारता फेब्रुवारीतच स्वतःचे रिटर्न भरून टाकले, त्यात ‘मला दुसरे कोणी डिपेंडंट दाखवू शकते’ या वाक्यापुढे खूण केली नाही, आणि शिक्षणाच्या क्रेडिटपोटी, म्हणजे करातून थेट वजा होणाऱ्या सवलतीपोटी, त्याला १,६२५ डॉलरचा लाभ मिळाला. आता त्याचे नाव घालून भरलेले आपले ई-रिटर्न आयआरएसने (अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याने) नाकारून परत पाठवले आहे.

उत्तर आधी सांगतो. आपण दिलेल्या आकड्यांवरून मुलगा आजही कायद्याने आपला डिपेंडंट ठरतो आणि स्नेह्यांनी सांगितलेला पाच हजारांचा नियम त्याला लागू नाही. मात्र तो डिपेंडंट ठरतो म्हणून त्याला आपल्या रिटर्नवर दाखवलेच पाहिजे असे नाही, आणि आपल्या बाबतीत न दाखवणेच फायद्याचे आहे. हे दोन्ही निष्कर्ष कसे निघतात ते नीट समजून घेतले, तर पुढील दोन वर्षांचे निर्णयही आपले आपल्याला घेता येतील.

प्रथम पाच हजारांविषयी. अमेरिकेच्या करकायद्यात डिपेंडंट दोन वाटांनी ठरतो. एक वाट ‘क्वालिफाइंग चाइल्ड’ची (पात्र अपत्य) आणि दुसरी ‘क्वालिफाइंग रिलेटिव्ह’ची (पात्र नातेवाईक). दुसऱ्या वाटेवर त्या व्यक्तीच्या उत्पन्नाला मर्यादा आहे. २०२४ साठी ती ५,०५० डॉलर होती, २०२५ साठी ती ५,२०० डॉलर आहे. सोबत राहणारी सासू, बेकार भाऊ किंवा २४ वर्षे पूर्ण केलेला पदव्युत्तर विद्यार्थी यांचा विचार या वाटेने होतो. आपला मुलगा पहिल्या वाटेवरचा आहे आणि त्या वाटेवर कमाईची कोणतीही मर्यादा नाही. त्याने ५० हजार कमावले असते, तरी केवळ तेवढ्या कारणावरून तो बाद झाला नसता. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की दर वर्षी मार्चमध्ये मला याच प्रश्नाचे उत्तर सर्वांत जास्त वेळा द्यावे लागते.

पहिल्या वाटेवरच्या अटी अशा. नाते मुलाचे, मुलीचे, सावत्र अपत्याचे, भावंडाचे किंवा त्यांच्या मुलांचे असावे. वर्षअखेरीस वय १९ पेक्षा कमी असावे, किंवा पूर्णवेळ विद्यार्थी असेल तर २४ पेक्षा कमी. पूर्णवेळ विद्यार्थी म्हणजे वर्षातील कोणत्याही पाच महिन्यांत, प्रत्येक महिन्याच्या काही भागासाठी तरी, पूर्णवेळ नाव नोंदवलेला विद्यार्थी. हे महिने सलग असण्याची गरज नसते आणि महिन्यातील एक दिवसही पुरतो. केवळ इंटरनेटवरून चालणारी संस्था किंवा पत्रद्वारा शिक्षण मात्र यात धरले जात नाही. मुलगा अर्ध्याहून अधिक वर्ष आपल्यासोबत राहिलेला असावा, पण शिक्षणासाठी वसतिगृहात राहणे ही तात्पुरती अनुपस्थिती मानली जाते, त्यामुळे कॉलेजमधील दिवस घरचेच दिवस मोजले जातात. इंटर्नशिपसाठी तीन महिने सिएटलला राहून आला, तरी बिघडत नाही. विवाहित असेल तर त्याने पत्नीसह संयुक्त रिटर्न भरलेले नसावे. त्याला अपवाद इतकाच की ते रिटर्न केवळ कापलेला कर परत मिळवण्यासाठी भरलेले असले तर चालते.

आता खरी अट, जिच्यावर नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याचे सगळे प्रकरण उभे राहते. मुलाने स्वतःच्या निर्वाहाच्या एकूण खर्चापैकी अर्ध्याहून अधिक खर्च स्वतःच्या पैशातून केलेला नसावा. ही अट नीट वाचावी. आईवडिलांनी अर्ध्याहून अधिक खर्च करावा असे ती म्हणत नाही. निम्मा खर्च आजीआजोबांनी उचलला आणि थोडाच आपण, तरी मुलाचा स्वतःचा वाटा निम्म्यावर जात नाही तोवर अट पाळली जाते. आणि ती त्याने कमावले किती हे विचारत नाही, खर्च किती केले एवढेच विचारते. जे पैसे बँकेत पडून राहिले किंवा निवृत्तीसाठीच्या रॉथ खात्यात गेले, ते निर्वाहावर खर्च झालेले नाहीत, त्यामुळे ते या हिशेबात येतच नाहीत.

निर्वाहखर्चात काय काय धरायचे? शिकवणी शुल्क, पुस्तके, वसतिगृह आणि मेसचे पैसे, औषधोपचार आणि त्याच्या वाट्याचा आरोग्यविम्याचा हप्ता, कपडे, प्रवास, फोन, करमणूक, आणि तो सुट्टीत घरी असतो तेव्हाचे जेवण व निवारा. निवाऱ्याची किंमत आपल्या कर्जाच्या हप्त्यावरून काढायची नसते. तशा खोलीला बाजारात जे भाडे मिळेल, ते धरायचे असते, त्यामुळे घराचे कर्ज फिटलेल्या आईवडिलांनाही ही रक्कम आपल्या बाजूने मोजता येते. बहुतेक पालक नेमकी हीच गोष्ट विसरतात. उलट मुलाच्या पगारातून कापला गेलेला प्राप्तिकर आणि सोशल सिक्युरिटी व मेडिकेअरची कपात निर्वाहखर्चात येत नाही.

तीन बाबी विशेष लक्षात ठेवाव्यात. आपल्या विद्यार्थी अपत्याला मिळालेली शिष्यवृत्ती या हिशेबातून पूर्णपणे वगळली जाते. ती त्याच्याही बाजूला धरायची नाही आणि आपल्याही नाही. शैक्षणिक कर्ज ज्याच्या नावावर, खर्च त्याचा. मुलाच्या नावावरचे फेडरल (केंद्र सरकारचे) कर्ज त्याने स्वतः केलेला खर्च मानला जातो, आणि आईवडिलांनी घेतलेले पॅरेंट प्लस कर्ज आईवडिलांचा खर्च मानला जातो. मुलाला जबाबदारी कळावी म्हणून कर्ज त्याच्या नावाने घ्यायचे आणि पुढे आपणच फेडायचे, हा आपल्या लोकांचा आवडता बेत असतो. त्यात गैर काही नाही, पण डिपेंडंटच्या हिशेबात कर्ज घेतलेल्या वर्षी ते मुलाच्याच बाजूला जाते. तिसरी बाब गाडीची. मुलाने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या नावावर गाडी घेतली, तर तिची किंमत त्या वर्षीच्या निर्वाहखर्चात येते आणि तीही सगळी त्याच्याच बाजूने. आपण आपल्या नावावर घेतलेली गाडी त्याला वापरायला दिली, तर गाडीची किंमत धरायची नाही, तिच्यावरचा चालू खर्च तेवढा धरायचा.

आता आपण कळवलेले आकडे या चौकटीत बसवून पाहू. शिकवणी शुल्क १८,००० डॉलर, त्यातील ६,००० शिष्यवृत्तीने भरले गेले, ते वगळून १२,०००. वसतिगृह आणि मेस १५,०००. सुट्टीतील घरचा निवारा आणि जेवण ४,०००. आरोग्यविमा, फोन आणि गाडीचा विमा ३,५००. कपडे, प्रवास, करमणूक २,५००. पुस्तके आणि लॅपटॉप २,०००. एकूण ३९,०००, आणि त्याचा निम्मा भाग १९,५००. मुलाच्या २२,००० पैकी सुमारे ३,००० करांत गेले, ७,००० त्याने रॉथ खात्यात टाकले, ३,००० बँकेत ठेवले आणि ९,००० स्वतःवर खर्च केले. शिवाय त्याच्या नावावर ६,५०० चे फेडरल कर्ज आहे. म्हणजे त्याचा स्वतःचा वाटा १५,५०० झाला. तो १९,५०० च्या आत आहे, म्हणून तो आपला डिपेंडंट ठरतो.

समजा, त्याने त्या बचतीत हात घालून ८,००० ची जुनी गाडी स्वतःच्या नावावर घेतली असती, तर एकूण खर्च ४७,००० झाला असता आणि त्याचा वाटा २३,५००, म्हणजे बरोबर निम्मा. बरोबर निम्मा म्हणजे निम्म्याहून अधिक नव्हे, म्हणून तरीही तो डिपेंडंटच राहिला असता. तीच गाडी ९,००० ची असती, तर एकूण ४८,००० आणि त्याचा वाटा २४,५००, आणि तो आपल्या रिटर्नमधून बाहेर पडला असता. एक हजार डॉलरने सगळे बदलते, म्हणून हा हिशेब अंदाजाने न करता कागदावर करावा. आयआरएसच्या प्रकाशन क्रमांक ५०१ मध्ये यासाठी एक तक्ता दिलेला आहे. मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाकडून तो भरून घेतो आणि त्यासोबत मेसची बिले, बँकेचे उतारे आणि कर्जाचे कागद लावून ठेवायला सांगतो.

मुलाने न केलेल्या खुणेविषयी. रिटर्नवरचे वाक्य ‘कोणी दाखवले आहे का’ असे विचारत नाही. ‘कोणी दाखवू शकते का’ असे ते विचारते. आपण त्याला दाखवा किंवा दाखवू नका, आपल्याला दाखवता येते, म्हणून त्याने तिथे खूण करायलाच हवी होती. मुलांना वाटते की खूण केली की आपले काहीतरी मोठे नुकसान होते. २०१७ पर्यंत तसे होते खरे, कारण तेव्हा प्रत्येक माणसामागे वैयक्तिक सूट मिळत असे आणि ती आईवडिलांना किंवा मुलाला, एकालाच घेता येई. २०१८ पासून ती सूट शून्य झाली आणि २०२५ च्या कायद्याने ती कायमचीच गेली. आता उरतो तो स्टँडर्ड डिडक्शनचा, म्हणजे उत्पन्नातून सरसकट वजा होणाऱ्या रकमेचा प्रश्न. डिपेंडंट ठरू शकणाऱ्या व्यक्तीला २०२५ साठी १,३५० डॉलर किंवा कष्टाची कमाई अधिक ४५० डॉलर, यांतील मोठी रक्कम मिळते, पण १५,७५० च्या वर नाही. आपल्या मुलाची कमाई २२,००० असल्यामुळे त्याला खूण केली तरी १५,७५० आणि नाही केली तरी १५,७५०. त्याचे करपात्र उत्पन्न दोन्ही बाजूंनी ६,२५० आणि कर साधारण ६२५ डॉलरच होतो. ज्या विद्यार्थ्याची कमाई थोडी आणि व्याज-लाभांश जास्त असतात, त्याला मात्र या खुणेचा फटका बसतो.

आता पैशांचा मूळ मुद्दा. १७ वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या डिपेंडंटसाठी आईवडिलांना ५०० डॉलरचे क्रेडिट मिळते. संयुक्त रिटर्नवर उत्पन्न ४ लाखांच्या वर गेले की ते कमी होऊ लागते. तो आपला प्रश्न नाही. न्यू जर्सीत डिपेंडंटमागे १,५०० डॉलरची सूट आहे, आणि तो २२ वर्षांखालील पूर्णवेळ विद्यार्थी असून शिकवणी व निर्वाहाचा निम्मा किंवा अधिक खर्च आपण करत असाल, तर आणखी १,००० ची. आपल्या उत्पन्नावर तिथला दर ६.३७ टक्के पडतो, म्हणजे २,५०० च्या सवलतीतून साधारण १५९ डॉलर वाचतात. एकूण ६५९ डॉलर. मुलाला दाखवल्याने आपल्याला मिळणारे सगळे एवढेच.

खरी मोठी रक्कम शिक्षणाच्या क्रेडिटमध्ये असते. अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट पहिल्या २,००० डॉलर शैक्षणिक खर्चावर पूर्ण आणि पुढच्या २,००० वर चतुर्थांश मिळते, म्हणजे कमाल २,५००. त्यातील ४० टक्के, म्हणजे कमाल १,०००, कर शून्य झाला तरी रोख परत मिळतात. पण संयुक्त रिटर्नवर उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या वर गेले की ते घटत जाते आणि १ लाख ८० हजारांवर पूर्ण संपते. आपण त्या रेषेच्या पलीकडे आहात. हे क्रेडिट आपल्याला कोणत्याही परिस्थितीत मिळणार नाही, आणि मुलाला आपल्या रिटर्नवर दाखवले तर तेच मुलालाही मिळत नाही, कारण ज्याच्या रिटर्नवर विद्यार्थी डिपेंडंट, त्यालाच क्रेडिट मागता येते, मग शुल्क कोणीही भरलेले असो. म्हणजे ते वायाच जाते. आयटीत दोघेही नोकरी करणाऱ्या आपल्या कुटुंबांत हे फार वेळा घडते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

यातून सुटण्याची वाट कायद्यातच आहे. आईवडिलांना दाखवता येत असूनही त्यांनी विद्यार्थ्याला दाखवले नाही, तर विद्यार्थी स्वतः ते क्रेडिट मागू शकतो, आणि आपण भरलेले शुल्कही त्यानेच भरले असे मानले जाते. आपल्या मुलाला त्यातून किती मिळेल? ६२५ चा त्याचा कर पूर्ण जातो. राहिला तो १,००० डॉलरच्या रोख परताव्याचा भाग. या भागावर एक अडसर आहे. वय २४ खाली, पूर्णवेळ विद्यार्थी, आईवडिलांपैकी कोणी हयात आहे, संयुक्त रिटर्न भरत नाही, आणि कष्टाची कमाई स्वतःच्या निर्वाहखर्चाच्या निम्म्याहून कमी आहे, अशा विद्यार्थ्याला तो मिळत नाही. इथे बारकाईने पाहा. डिपेंडंट ठरवताना कायद्याने मुलाचा खर्च पाहिला होता, पण इथे तो कमाई पाहतो. आपल्या मुलाची कमाई २२,००० आणि निर्वाहखर्चाचा निम्मा भाग १९,५००. कमाई निम्म्याहून जास्त आहे, म्हणून अडसर लागत नाही, आणि त्याने मिळवलेले १,६२५ डॉलर योग्यच ठरतात, मात्र आपण त्याला दाखवले नाही तरच. ज्याने बचत केली तो एका नियमाने आईवडिलांचा डिपेंडंट राहतो आणि दुसऱ्या नियमाने स्वतः परतावा घेण्यास पात्रही ठरतो. कायदा लिहिणाऱ्यांच्या मनात हे असेल की नाही याची मला शंका आहे, पण कलमांची भाषा स्पष्ट आहे.

तर आपल्यापुढे दोन वाटा आहेत. त्याला दाखवले, तर आपल्याला ६५९ मिळतील आणि त्याला १,६२५ परत करावे लागतील. न दाखवले, तर ते १,६२५ घरात राहतील आणि ६५९ सोडावे लागतील. न्यू जर्सीची डिपेंडंटची सूट फेडरल व्याख्येवर उभी असल्याने, फेडरल रिटर्नवर सोडून दिलेल्या मुलाची सूट मी राज्यात मागणार नाही. घराचा एकत्र विचार केला, तर न दाखवण्यात ९६६ डॉलर अधिक आहेत. मी आपल्या जागी असतो तर त्याला दाखवले नसते. त्याचे नाव काढून आपले रिटर्न पुन्हा पाठवावे. मुलाने फॉर्म १०४०-एक्स (भरलेले रिटर्न दुरुस्त करण्याचा फॉर्म) भरून राहिलेली खूण तेवढी दुरुस्त करावी. करात एका डॉलरचाही फरक पडणार नाही, पण सही केलेल्या कागदावर चुकीचे विधान ठेवू नये.

हे उत्तर दुसऱ्या कुटुंबाने जसेच्या तसे उचलू नये, कारण आकडे थोडे हलले तरी उत्तर उलटते. त्याच मुलाची कमाई १८,००० असती, तर ती १९,५०० च्या खाली गेली असती, रोख परतावा बंद झाला असता, त्याचा कर जेमतेम २२५ उरला असता आणि आपण ६५९ घेणेच शहाणपणाचे ठरले असते. आईवडिलांचे उत्पन्न १ लाख ७० हजार असते, तर त्यांना निम्मे क्रेडिट, म्हणजे १,२५० मिळाले असते, त्यावर ५०० आणि राज्याची सवलत, आणि तेव्हाही मुलाला दाखवणेच फायद्याचे. १ लाख ६० हजारांच्या खाली तर विचार करण्याचीही गरज नाही.

आपण त्याला दाखवायचेच ठरवले, तर मार्ग असा. मुलाने १०४०-एक्स भरून खूण करावी, क्रेडिट काढावे आणि १,६२५ परत करावेत. १५ एप्रिलच्या आत रक्कम भरली, तर त्यावर व्याज किंवा दंड लागत नाही. आपले रिटर्न कागदावर टपालाने पाठवता येते, किंवा आयआरएसकडून ओळख-संरक्षणाचा पिन घेऊन ई-फाइल करता येते. २०२५ च्या हंगामापासून असा पिन दिला असेल, तर आधीच दुसऱ्या रिटर्नवर आलेल्या डिपेंडंटचे रिटर्नही स्वीकारले जाते. पण पिन मिळाला म्हणून मुलाचे रिटर्न तसेच ठेवून आपलेही पुढे रेटू नये. काही महिन्यांनी सीपी-८७ए नावाची सूचना दोन्ही घरी येते, आणि दोघांपैकी एकाला माघार घ्यावीच लागते.

पुढच्या वर्षांविषयी एक गोष्ट आताच सांगून ठेवतो. अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट एका विद्यार्थ्यासाठी चारच कर-वर्षे घेता येते. पण ऑगस्टमध्ये सुरू होऊन मेमध्ये संपणारी चार वर्षांची पदवी पाच कॅलेंडर वर्षांत पसरते. आपण २०२३ आणि २०२४ मध्ये ते घेतलेले नाही, त्यामुळे टंचाई नाही. तरी मुलगा पदवीधर होईल ते २०२७ हे वर्ष जपून ठेवावे. जानेवारीपासून मेपर्यंत पूर्णवेळ विद्यार्थी, जुलैत नोकरी, आणि वर्षअखेरीस वय २२. वयाची आणि पाच महिन्यांची अट तेव्हाही पूर्ण होते. जूनच्या मध्यातच तो कायमचा स्वतःच्या घरी राहायला गेला, तर अर्ध्याहून अधिक वर्ष सोबत राहण्याची अट मोडते आणि विषय तिथेच संपतो. जुलैअखेर गेला, तर निर्वाहखर्चाचा तक्ता पुन्हा मांडावा लागतो: एका बाजूला आपण भरलेले वसंत सत्राचे शुल्क, दुसऱ्या बाजूला त्याने पगारातून भरलेले पाच महिन्यांचे भाडे आणि खर्च. तक्ता काहीही सांगो, त्या वर्षी त्याचा कर मोठा असेल आणि आपले उत्पन्न रेषेच्या वरच असेल, तर पूर्ण २,५०० त्याच्या रिटर्नवर कामी येतात. आपले ५०० तेव्हा आनंदाने सोडावेत.

डिपेंडंट न दाखवल्याने मुलाचा आरोग्यविमा जाईल, ही भीती निराधार आहे. २६ वर्षे होईपर्यंत तो आपल्या विम्यात राहू शकतो, त्याचा या खुणेशी संबंध नाही. तसेच कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या अर्जात ‘डिपेंडंट’ आणि ‘इंडिपेंडंट’ ठरवण्याचे नियम स्वतंत्र आहेत. इथे त्याला सोडले म्हणून तिथे तो स्वतंत्र ठरत नाही. त्याची इंटर्नशिप कॅलिफोर्नियासारख्या राज्यात झाली असेल, तर तिथे अनिवासी म्हणून वेगळे रिटर्न लागू शकते. सॉफ्टवेअर त्याची आठवण क्वचितच करून देते. आणि अशा मुलाच्या नावावर शेअर असतील, तर आणखी एक तपासणी: २०२५ मध्ये व्याज, लाभांश आणि नफा मिळून २,७०० डॉलरच्या वर गेले आणि कष्टाची कमाई निर्वाहखर्चाच्या निम्म्यावर गेली नसेल, तर वरच्या भागावर आईवडिलांच्या दराने कर बसतो.

आपण मुलाच्या व्हिसाचा उल्लेख केलेला नाही, म्हणून तो नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आहे असे धरून मी हे सगळे लिहिले आहे. तसे नसेल, तर वरचे उत्तर लागू पडत नाही. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या आईवडिलांची मुले एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर वाढतात, त्या व्हिसावर त्यांना नोकरी करता येत नाही, आणि २१ व्या वर्षी एच-४ संपला की बहुतेक जण एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जातात. करकायद्यात याचा परिणाम अनपेक्षित असतो. एच-४वरचे दिवस अमेरिकेतील वास्तव्य म्हणून मोजले जातात, पण एफ-१ विद्यार्थ्याचे दिवस पहिली पाच कॅलेंडर वर्षे मोजलेच जात नाहीत. त्यामुळे जो मुलगा शाळेपासून इथे वाढला आणि कालपर्यंत रहिवासी करदाता होता, तो एफ-१ घेतल्याच्या पुढच्या वर्षी अनिवासी ठरतो. व्हिसा बदलला त्या वर्षी, काही महिने एच-४वर काढलेले असल्याने, तो साधारणपणे रहिवासी राहतो आणि डिपेंडंट दाखवता येतो. त्यानंतरच्या वर्षी मात्र नागरिक, रहिवासी, किंवा कॅनडा-मेक्सिकोचा निवासी असण्याची अट मोडते, आणि निर्वाहाचा सगळा खर्च आपण केलेला असला तरी तो आपला डिपेंडंट होऊ शकत नाही.

अशा मुलाने १०४०-एनआर (अनिवासींचे रिटर्न) आणि फॉर्म ८८४३ (वास्तव्यात न मोजल्या जाणाऱ्या दिवसांचे निवेदन) भरावा. त्याला शिक्षणाचे क्रेडिट मिळत नाही, पण दोन गोष्टी त्याच्या बाजूच्या आहेत. भारत-अमेरिका कराराच्या २१ व्या कलमामुळे भारतातून आलेल्या विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन घेता येते, जे इतर बहुतेक देशांच्या अनिवासी विद्यार्थ्यांना मिळत नाही, आणि अनिवासी असेपर्यंत त्याच्या पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची कपात होऊ नये. लहानपणापासून इथेच वाढलेल्या मुलाला ‘भारतातून आलेला विद्यार्थी’ म्हणून करार लागू होतो का, हे त्याच्या कागदांवरून स्वतंत्रपणे पाहावे लागते, तेवढे पाहिल्याशिवाय त्या ओळीवर आकडा लिहू नये. नोकरी देणारी कंपनी या कपातीची चूक अनेकदा करते, कारण तिच्या नोंदीत हा मुलगा वर्षानुवर्षे इथला असतो. आधी कंपनीकडेच लेखी परतावा मागावा, आणि तिने दिला नाही तर फॉर्म ८४३ने आयआरएसकडे मागता येतो.